बर्बनमधलं चंदन

घराला आग लागली नव्हती. मी फक्त धूप घातला होता.

पण छताला चिकटवलेली ती पांढरी चकती अशी काही किंचाळायला लागली, की माझ्या हातातलं धुपाटणं सुटता सुटता राहिलं. पहाटेचे पाच. आषाढी एकादशी. मुलीच्या घरी पाऊल ठेवून पुरते बारा तासही झाले नव्हते.

जावई धावत आले. अंगात गंजीफ्रॉक, खाली अर्धी चड्डी, हातात टॉवेल. खुर्चीवर चढून ते त्या चकतीला जोरजोरात वारा घालायला लागले.

"आई, टेन्शन नका घेऊ," ते वरूनच म्हणाले. "हे यंत्र बावळट आहे. पापड भाजला तरी बोंबलते."

"अहो शार्दूलराव, आधी खाली उतरा. पडाल. मी विझवते धूप."

"विझवू नका न! तुमचं व्रत आहे ना? मी जागा शोधतो, थांबा."

शार्दूलराव मूळचे नागपूरचे. मायेनं बोलले तरी भांडतायत की काय असं वाटतं; ते कळायला मला त्यांच्या लग्नानंतर दोन वर्षं लागली होती. मागून ऋजुता आली. केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले. दारात उभी राहून तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीवरच्या नवऱ्याकडे, आणि भिंतीला टेकून हसत सुटली.

"आई, अजून दोन मिनिटं हे वाजलं असतं ना, तर आगीचा बंब आला असता दारात. तुझं स्वागत करायला."

जागा शार्दूलरावांनीच शोधली. माझ्या खोलीला लागून कपडे ठेवायची एक चिमुकली खोली होती. खोली कसली, कपाटच. पण आत बसून पूजा करता येईल एवढं. त्याच्या भिंतीत वर एक लोखंडी जाळी होती. त्यांनी जाळीजवळ कागदाचा कपटा धरला. कपटा टपकन जाळीला चिकटला.

"बघा. हवा ओढून घेते. घर गार करायच्या मशीनची जाळी आहे ही. इथे घाला धूप, चकतीपर्यंत धूर पोचणारच नाही."

"पण मग जातो कुठे तो?"

"जाते कुठेतरी," ते म्हणाले. "आतल्या आत."

मी देव तिथे मांडले. धूर सरळ रेघेत वर जायचा आणि जाळीत नाहीसा व्हायचा. मला वाटलं, देवाने परक्या मुलखातही सोय करून ठेवलीय.

त्या वर्षी चातुर्मासात मी तीन गोष्टी धरल्या होत्या. सूर्योदयाच्या आत धूप आणि सहस्रनाम, जेवताना मौन, आणि दिवसभरात कुणाला उणं बोलायचं नाही. धूप घरून आणला होता: गुग्गुळ, राळ, चंदनाचा भुगा, भीमसेनी कापूर, तुपात मळून केलेला. पहिल्या पहाटे बरोबर आणलेल्या कोळशाच्या तुकड्यावर भागवलं; पुढे निखाऱ्याचा प्रश्न होता. शार्दूलराव म्हणाले, अंगणात कोंबडी भाजायचा कोळसा आहे. मी काही बोलले नाही, उणं बोलायचं नव्हतं ना. पण माझं तोंड बघून ते गाडी काढून गेले आणि कोळशाची कोरी, न फोडलेली पिशवी घेऊन आले.

आता ऋजुताच्या कामाबद्दल सांगायला हवं. सांगलीत मी सगळ्यांना सांगितलं होतं, मुलगी अमेरिकेत खाण्यापिण्यावर लिहिते. त्यातलं 'खाण्या' मी जरा ठासून म्हणायचे. खरं म्हणजे ती बर्बनवर लिहायची. बर्बन म्हणजे मक्याची व्हिस्की. केंटकीत, जिथे हे दोघं राहायचे, तिथे तिचे कारखाने आपल्याकडच्या साखर कारखान्यांसारखे गावोगाव. ऋजुता एका साप्ताहिकासाठी ती चाखायची, आणि कशी आहे ते लिहून शंभरपैकी गुण द्यायची.

"पोटात जाते का ग?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. एवढा एकच प्रश्न विचारायचा, असं विमानातच ठरवलं होतं.

"नाही ग आई. तोंडात फिरवायची आणि थुंकायची. आणि खरं काम तर नाकाचंच असतं. मका असतो, नवं ओकचं पिंप असतं, आतून जाळून कोळसा केलेलं. वर्षानुवर्षं त्या लाकडातून काय काय उतरतं, ते हुंगून ओळखायचं."

"आणि शार्दूलराव?"

"मला अॅसिडिटी होते," शार्दूलराव ताकाचा पेला खाली ठेवत म्हणाले. "घरात बाटल्या शंभर, आणि पिणारा एक नाही. मित्र रडतात माझे."

ती काम करायची ते तळघरात. बिनखिडकीची खोली, दार कायम बंद, बाहेरचा वास आत येऊ नये म्हणून. मी त्या पायऱ्या कधी उतरले नाही. कुणी अडवलं नव्हतं. तिनेही कधी 'ये ना खाली' म्हटलं नाही. काही द्यायचं असलं तर मी वरच्या पायरीवर ठेवून हाक मारायची. तीही माझ्या देवांकडे फिरकत नसे. नमस्कार करायचा तो दिवाणखान्यातून, लांबूनच.

आमची गाठ पडायची जेवणाच्या टेबलावर. आणि तिथे एक खेळच सुरू झाला. माझं मौन असायचं, त्यामुळे ती बोलायची आणि मी ऐकायची.

"आई, ऐक हं. गोड आहे, पण साखरेचं गोड नाही. जळकं आहे, पण कडू नाही."

मी वरणभात कालवत राहायची.

"गूळ म्हणू?"

मी मान हलवून नाही म्हणायची. तिला रागच यायचा. "अगं मग काय? खुणेने तरी सांग!"

शार्दूलराव माझ्या खुणांचे अर्थ लावायचे, आणि सगळे चुकीचे. "आई म्हणतात, बैलगाडी."

हात धुऊन आले की मी सांगायची. "काकवी. गुऱ्हाळात कढईतून उतू जाते आणि चुलवाणाच्या तापल्या कडेवर पडते ना, ती. तुझ्या आजोळी, शिरोळला."

ती ताडकन उठायची. "तेच! अगं आई, तेच!" आणि वही आणायला पळायची.

असं मी तिला किती काय सांगितलं. लग्नात मांडलेल्या कोऱ्या पाटाचा वास. चहाच्या गाळणीवर राहिलेली वेलदोड्याची सालं. लुगड्याच्या घडीत विसरलेलं केवड्याचं पान. बर्बनचा थेंब न हुंगता मी तिला बर्बनची नावं पुरवत होते, आणि केंटकीतली माणसं साप्ताहिकाला पत्रं पाठवत होती, की ही चुलवाणावरची काकवी म्हणजे नक्की काय, आम्हाला कुठे मिळेल?

मी आल्याला आठवडा झाला असेल. एक दिवस ती म्हणाली, "आज नवीनच काहीतरी लागलं ग. चंदन. आणि मागे राळेसारखं."

त्या दिवशी माझं जेवण आधीच झालं होतं. मी लगेच म्हटलं, "पिंपाचं लाकूड असेल." जन्मभर पिंपंच बांधत आल्यासारखं म्हटलं.

दोन दिवसांनी पुन्हा. "यातही चंदन आहे. थोडा कापूरसुद्धा."

"एकाच जंगलातली झाडं असतील."

"असतील," ती म्हणाली, आणि लिहून मोकळी झाली.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी ती जेवायला आली ती पांढरीफटक. खुर्चीवर बसली आणि ताट पुढे ढकललं.

"बार्बराचा फोन होता."

बार्बरा म्हणजे तिच्या साप्ताहिकाच्या संपादक. सत्तरीला आलेल्या. केंटकीत त्यांच्या नाकाला लोक घाबरायचे.

"काय म्हणाल्या?" शार्दूलरावांनी विचारलं.

"म्हणाली, दहा बर्बन लिहिलेस, त्यातल्या आठांत चंदन. आठ वेगळे कारखाने, आठ वेगळी पिंपं. एका कारखान्याच्या मालकाने तिला विचारलंय, तुमची बाई दारू चाखते की देवळात बसते?"

माझा घास हातातच राहिला. मौन होतं म्हणून बरं.

"गुरुवारी ती येणार आहे. मी ज्यांवर लिहिलं त्यातले पाच नमुने आणणार, नाव न सांगता. मला ते ओळखायचे आणि त्यात चंदन दाखवायचं. जमलं तर वर्षअखेरचा विशेषांक माझा. वीस बर्बन, एकटीने चाखायचे. नाही जमलं तर..." तिने पाण्याचं भांडं उगीच सरकवलं. "तर पुन्हा वर्गणीदारांच्या पत्रांना उत्तरं."

सहा वर्षं तिने तीच उत्तरं दिली होती. अंक उशिरा का आला, पत्ता कसा बदलायचा. सहा वर्षांनी कुठे तिच्या हातात ग्लास आला होता.

"माझं नाक बिघडलंय, शार्दूल."

"कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठू न. उद्याच जाऊ."

"डॉक्टरला काय सांगू? चंदनाचा त्रास होतो?"

मी माझ्या ताटातला भात तिच्या ताटात वाढला, तिने तो मुकाट्याने खाल्ला.

गुरुवारी सकाळी दहाला बार्बराबाई आल्या. उंच, सडसडीत, पांढरे केस मानेवर बांधलेले. अत्तर नाही, पावडर नाही, अंगाला कसलाही वास नाही. हातात एक लाकडी पेटी होती.

"माझे ग्लास," त्या मला म्हणाल्या. "बावीस वर्षं मी दुसऱ्याच्या ग्लासातून चाखलेलं नाही. राग मानू नका, मिसेस आठल्ये."

राग कसला? मला त्या एकदम जवळच्या वाटल्या. माझंही पाण्याचं भांडं मी सांगलीहून बरोबर आणलं होतं.

त्या दोघी खाली गेल्या. शार्दूलराव कामावर गेले होते. मी वर जपमाळ घेऊन बसले, पण मणी पुढे सरकेना. अर्ध्या तासाने ऋजुताची हाक आली, "आई, पाणी ठेवतेस पायरीवर?"

मी तांब्या-भांडं घेऊन जिन्यापाशी गेले. खालचं दार किलकिलं होतं. सांगलीच्या पोस्टात मी एकवीस वर्षं काढलेली. इंग्रजी बोलायला अडखळते, पण ऐकलेलं सगळं कळतं. त्या इंग्रजीत बोलत होत्या, मी माझ्या भाषेत सांगते.

"पाचही बरोबर ओळखलेस," बार्बराबाई म्हणत होत्या. "तुझ्या नाकाला काही झालेलं नाही. आता सांग, यातल्या एकातही चंदन आहे?"

पाच ग्लास एकेक करून उचलून ठेवल्याचा आवाज आला. मग ऋजुताचा आवाज, अगदी बारीक. "नाही."

"मग लिहिलंस का?"

"मला आला होता वास."

"आठ वेळा?"

"हो."

"मुली, लोकांना तुझ्या आईची काकवी आवडली. मलाही आवडली. मग तुला वाटलं असेल, अजून थोडा हिंदुस्थान घालू. आवडेल लोकांना."

"मी घातला नाही, बार्बरा. शपथ घेते."

"नाक चुकलं असतं तर मी सांभाळून घेतलं असतं. माझंही चुकतं. बनवलेला वास मी छापू शकत नाही."

मी वरच्या पायरीवर उभी होते. ज्या मुलीने चौथीत असताना दुसऱ्याची पेन्सिल घरी आली म्हणून रात्रभर झोप घेतली नव्हती, तिला कुणीतरी खोटारडी म्हणत होतं. आणि ते म्हणणारी बाई वाईटही नव्हती. मी तांब्या सावरला आणि पाऊल खाली टाकलं. तेरा पायऱ्या. प्रत्येकीवर एक नाम घेतलं.

कोपराने दार ढकललं.

दारात माझं देवघर उभं होतं.

तोच गुग्गुळ, तीच राळ, तोच तुपातला कापूर; आज पहाटे मी घातलेला, थोडा शिळा झालेला, पण माझा. त्या बंद खोलीत तो असा दाटून बसला होता, की मी क्षणभर हात जोडायला गेले आणि तांब्यातलं पाणी सांडलं.

"आई?" ऋजुता उठून उभी राहिली. "तू खाली?"

मी बघत होते. भिंतभर बाटल्या. मधे टेबल, त्यावर बार्बराबाईंचे ग्लास. आणि पलीकडच्या भिंतीत वर एक लोखंडी जाळी, अगदी माझ्या कपाटातल्या जाळीची जुळी बहीण. तिच्यातून गार वारा येत होता. आणि बरोबर तिच्याखाली लाकडी घोडीवर ऋजुताचे ग्लास टांगलेले. घासलेले, लखलखीत, तोंडं खाली करून.

मी तांब्या टेबलावर ठेवला आणि त्यातला एक ग्लास काढला. रिकामा होता, कोरडा होता. तरी दारूचाच ग्लास. श्रावणातला गुरुवार. मी तो नाकाशी धरला.

"ऋजू," मी म्हटलं, "हा माझा धूप आहे."

"काय?"

"चंदन माझं आहे. घे. हुंग."

तिने हुंगलं आणि मान हलवली. "मला काहीच येत नाहीये."

"कसं येईल? सकाळपासून इथेच बसलीयस. आधी कोपर हुंग. दोन ग्लासांच्या मधे हुंगतेस ना, नाक ताजं करायला? तूच सांगितलंस मला."

तिने वेड्यासारखं स्वतःचं कोपर नाकाशी दाबलं, तोंड फिरवून दाराबाहेर जाऊन चार श्वास घेतले, परत आली आणि ग्लास पुन्हा नाकाशी नेला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि तोंड हसायला लागलं होतं.

बार्बराबाईंना आमचं मराठी कळत नव्हतं, पण त्या कुणी साध्या बाई नव्हत्या. त्यांनी तो ग्लास तिच्या हातातून काढून घेतला. हुंगला. एका नमुन्यातलं थोडं बर्बन स्वतःच्या ग्लासात ओतलं, तेवढंच ऋजुताच्या ग्लासात. एक हुंगला. दुसरा हुंगला. पुन्हा पहिला.

"चंदन," त्या म्हणाल्या. "आणि कापूर. अगदी तू लिहिलंस तसं. खोलीत शिरतानाही आला होता, पण घराचाच वास समजून मी सोडून दिला." मग माझ्याकडे वळल्या. "मिसेस आठल्ये, हे आलं कुठून?"

माझं इंग्रजी तोंडात गोळा झालं. "फ्रॉम माय गॉड," मी म्हटलं. "अपस्टेअर्स. स्मोक गोइंग इन वॉल."

"दाखवा."

वर गेलो. कपाटाच्या दाराशी बार्बराबाईंनी न सांगता बूट काढले. आत वाकून सगळं पाहिलं: देव, समई, धुपाटणं, वरची जाळी. परडीत संध्याकाळच्या पूजेची फुलं होती, शार्दूलरावांच्या कुंडीतला मोगरा. मोगरा दिसल्यावर असलं नाक थांबतंय कशाला? त्या खाली झुकल्या.

"नो, नो!" मी ओरडलेच. "फर्स्ट गॉड!"

त्या झटकन सरळ झाल्या आणि हात पाठीमागे बांधले, शाळेतल्या मुलीसारखे. ऋजुताने घाईघाईने समजावलं, की देवाला वाहायचं फूल आपण आधी हुंगत नाही.

"अगदी बरोबर," बार्बराबाई गंभीरपणे म्हणाल्या. "नाक लावलं की वस्तू कोरी राहत नाही. तीस वर्षं मी हेच शिकवतेय, कुणी ऐकत नाही." मग म्हणाल्या, "आता मला करून दाखवा. ऋजुता, तू खाली जा."

ती गेली. मी सकाळच्या राखेत एक नवा निखारा ठेवला, चिमूटभर धूप घातला. धूर सरळ वर गेला आणि जाळीत शिरला. बार्बराबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. एक मिनिट. दोन. मी मनात सगळ्या देवांना हाका मारल्या. एवढ्या नेटाने मी स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं.

तिसऱ्या मिनिटाला जाळीतून आवाज आला. लांबून, पत्र्याच्या नळीतून यावा तसा, पण माझ्या मुलीचा.

"आला! आई, आला ग! आला!"

बार्बराबाईंना मराठी कळण्याची गरजच पडली नाही. त्या दाराच्या चौकटीला धरून हसायला लागल्या. सत्तरीची बाई, हसून हसून खाली बसली, आणि मलाही आवरेना. ऋजुता जिन्यावरून धावत वर आली ती आम्हा दोघींना तशी बघून दारातच थबकली.

डोळे पुसून झाल्यावर बार्बराबाईंनी विचारलं, "मला एक कळत नाही. पाच आठवडे तुम्ही एका घरात आहात. मिसेस आठल्ये, तुम्ही एकदाही खाली गेला नाहीत? आणि तू, ऋजुता, एकदाही या खोलीत आली नाहीस? पहिल्याच दिवशी कळलं असतं हे."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"माझ्या तोंडाला, हातांना दारूचा वास असतो," ऋजुता मला म्हणाली, मराठीत. "तुझ्या देवाजवळ कशी येऊ? तुझं सोवळं मोडायला नको म्हणून..."

"अगं, मी खाली आले असते तर तुला वाटलं असतं, आई तपासायला आली. तू अवघडली असतीस."

"मला वाटलं, तुला आवडत नाही माझं काम."

"मला वाटलं, तुला माझे देव जुनाट वाटतात."

बार्बराबाई बुटाची नाडी बांधत होत्या. भाषांतर त्यांनी मागितलं नाही.

जाताना त्यांनी ग्लास पेटीत ठेवले आणि पेटी काखेला मारली. "वाचकांना खरं काय ते सांगायचं," त्या ऋजुताला म्हणाल्या. "तूच लिहायचं, पहिल्या पानावर. आठही बर्बन पुन्हा चाखायचे, कोऱ्या ग्लासातून. आणि मग विशेषांकाला लाग. वीस बाटल्या सोमवारी येतील."

ऋजुताने त्यांना मिठी मारली. मी नमस्कार केला. त्यांनीही हात जोडले, थोडे वाकडे, पण मनापासून.

संध्याकाळी शार्दूलरावांना सगळं सांगितलं तर ते डोक्याला हात लावून बसले. "म्हणजे सारा गुन्हा माझाच न! जाळी मीच दाखवली. 'जाते कुठेतरी' म्हणणाराही मीच." आणि तेवढ्यात उठून ग्लासांसाठी घट्ट झाकणाची पेटी आणायला निघाले. "आई, तुमचा धूप जिथे आहे तिथेच राहील. हलवायचं तर ते ग्लास हलतील."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सहस्रनाम म्हणत होते, तर मागे कुणीतरी येऊन बसलं. न्हालेले केस, अंगावर माझीच एक साडी कशीबशी गुंडाळलेली. मी वळून पाहिलं नाही; मधेच थांबायचं नसतं. पण एक ओळ दोनदा म्हटली गेली. आणि दहा वाजता मी चहा घेऊन तेरा पायऱ्या उतरले, खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "चालू दे तुझं. मी बघते नुसती."

"आई, बोलू नकोस हं. काम चाललंय."

"मौनाची मला सवय आहे."

पंधरा दिवसांनी अंक आला. ऋजुताने तो माझ्यापुढे धरला आणि वाचून दाखवला. बर्बनवर लिहायची तिची जी पद्धत होती, त्याच पद्धतीने लिहिलं होतं. मी ते पुढे मराठीत उतरवून ठेवलं, ते असं:

"चुकीची दुरुस्ती. गेल्या पाच आठवड्यांत मी आठ बर्बनमध्ये चंदन असल्याचं लिहिलं. ते त्यांच्यात नव्हतं. कारखान्यांची मी माफी मागते. ते चंदन माझ्या आईचं होतं. उगम: सांगली, महाराष्ट्र. वय: अडुसष्ट वर्षं. नाकाला: गुग्गुळ, राळ, कापूर, गाईचं तूप. जिभेला: मौन. शेवट: फार लांब रेंगाळणारा, बंद दारं आणि तेरा पायऱ्या ओलांडून येतो. गुण: ते द्यायचा अधिकार मला नाही."

वाचून तिने अंक खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. शार्दूलराव भिंतीकडे तोंड करून उगीचच नाक पुसत होते.

"समजलं का ग, आई?"

"इंग्रजी भराभर वाचतेस," मी म्हटलं. "नीट कळलं नाही मला. पुन्हा वाच बघू."

तिने पुन्हा वाचलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. मी म्हटलं, मधलं जरा निसटलं, परत एकदा. तिने तिसऱ्यांदा वाचलं.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. त्या चातुर्मासात माझं धुपाचं व्रत चुकलं नाही, मौन चुकलं नाही, कुणाला उणं बोलले नाही. खोटं मात्र बोलले, तेही दोनदा. पहिल्याच वेळी मला सगळं कळलं होतं.